क्वेरी चालली म्हणजे हिशेब जुळला असं नाही

राम राम. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केळी व्यापाऱ्यांसाठी, जिनिंग आणि डाळ मिलवाल्यांसाठी हे पान आहे. क्वेरी म्हणजे डेटाबेसमधली, म्हणजे संगणकात साठवलेल्या नोंदींमधली, माहिती काढायला किंवा बदलायला लिहिलेली आज्ञा. दर आठवड्याला एक फोन ठरलेला: “भाऊ, भाच्याने मोबाइलवरून क्वेरी काढून दिली, ती तुमच्याकडे चालत नाही.” कधी फोन उलटा असतो: “क्वेरी चालली, पण हिशेब जुळत नाही.” पहिला फोन आला तर आम्ही चहा संपवून उठतो. दुसरा आला तर लगेच गाडी काढतो.

क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती एसक्यूएल आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास जन्मली. तिचं प्रमाण रूप अमेरिकेत ठरलं १९८६ साली, आणि तोवर ओरॅकलसारखी डेटाबेस विकणारी मंडळी बाजारात दुकान मांडून बसली होती. ज्याने त्याने आपलं वळण तसंच ठेवलं. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, हे धुळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याच्या पाहुण्याला मात्र दोन्ही सारखेच ऐकू येतात. डेटाबेसचंही असंच आहे.

आमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतं. भाच्याला सापडते ती क्वेरी बहुतेक वेळा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची असते. वरच्या दहा ओळी हव्या असतील तर तिथे शेवटी ‘लिमिट १०’ लिहितात, आमच्याकडे ‘सिलेक्ट’च्या लगेच पुढे ‘टॉप १०’. हे चुकलं तर लाल अक्षरात एरर येते, डेटा जिथल्या तिथे राहतो. एररला घाबरू नका, ती आपली राखणदार आहे.

घात होतो तो एरर न येता. रावेर पट्ट्यातल्या आमच्या एका ग्राहकाने जुन्या सॉफ्टवेअरमधली पट्टीची (शेतकऱ्याला मालाच्या वजन-भावाचा हिशेब देणाऱ्या कागदाची) क्वेरी जशीच्या तशी आमच्याकडे आणली. वजन भागिले १०० गुणिले भाव, इतकी साधी. जुन्या मायएसक्यूएलवर ती वर्षानुवर्षं बरोबर चालली होती. इथे पिकअपचं वजन १४५० किलो, भाव क्विंटलला १५०० रुपये. पट्टी २१,७५० ची हवी, निघाली २१,००० ची. कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं: १४५० भागिले १०० म्हणजे १४. वरचा अर्धा क्विंटल हवेत. मायएसक्यूएल आणि ओरॅकल १४.५ देतात, पोस्टग्रेएसक्यूएल मात्र आमच्यासारखंच १४ देतं. शेतकरी पट्टी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा कुठे हे उघडकीला आलं, आणि आमचे दोन दिवस जुन्या पट्ट्या पुन्हा काढण्यात गेले.

उपाय एका टिंबाचा आहे. १०० ऐवजी १००.० लिहा. गाडीमागे सरासरी वजन काढताना वजनाला आधी १.० ने गुणा, नाहीतर सरासरीसुद्धा पूर्णांकात कापली जाते. “मग वजनाचा रकाना दशांशाचा का नाही ठेवला?” असं काही जण रागावून विचारतात. भुईकाट्याची पावती पूर्ण किलोत येते, म्हणून रकानाही पूर्णांकाचा. आमच्या तयार रिपोर्टमध्ये हा भागाकार सांभाळलेला आहे, तिथे एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही.

दुसरा घात मराठी नावांचा. आमच्याकडे देवनागरी मजकूर लिहिताना अवतरणचिन्हाच्या आधी मोठं इंग्रजी ‘एन’ लागतं. ते विसरून कुणी गावाचं नाव ‘सावदा’ असं अपडेट केलं की एरर येत नाही, त्या जागी पाच प्रश्नचिन्हं बसतात. ती पुसून अक्षरं परत येत नाहीत. बॅकअप असेल तरच गाव परत मिळतं.

तारीखही तशीच फसवी. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर त्याला तो ४ मार्च. दोन तारखांमध्ये आर्थिक वर्षच बदलतं. २०२४०४०३ असं सलग लिहा, गोंधळ उरत नाही.

आमची क्वेरी आपल्या वेबसाइटच्या मायएसक्यूएलवर नेणाऱ्यांनाही एक सांगणं. नाव आणि आडनाव जोडायला आम्ही अधिकचं चिन्ह वापरतो. तिथे त्याची बेरीज होते आणि ग्राहकांच्या यादीत नावांच्या जागी शून्यं दिसतात. तिकडे ‘कॉनकॅट’ वापरा.

आता लॉगिनबद्दल. आम्ही तुम्हाला फक्त वाचण्याचं लॉगिन देतो, म्हणून काही जण नाराज आहेत. “डेटा आमचा, कुलूप तुमचं?” डेटा तुमचाच आहे, मागाल तेव्हा पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर मिळेल. पण अपडेट आणि डिलीट आमच्या हातून होऊ द्या. आम्ही आधी बॅकअप घेतो, मग क्वेरी चाचणीच्या प्रतीवर चालवतो, आणि दहा पट्ट्या हाताने ताडून पाहिल्याशिवाय मूळ डेटाला हात लावत नाही. याला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास आम्ही कमी करणार नाही.

क्वेरी पाठवताना स्क्रीनचा फोटो नको, मजकूर पाठवा. ती कुठल्या डेटाबेससाठी लिहिलेली आहे हे माहीत असेल तर तेही कळवा. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना तपासणीचे पैसे पडत नाहीत. बाकीच्यांना आधी खर्च सांगूनच काम हाती घेतो. तोच रिपोर्ट दर महिन्याला लागत असेल तर एकदा आमच्याकडून मेनूत बसवून घ्या, भाच्याचीही सुटका होईल. कापसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी आमचे फोन सतत लागलेले असतात, तेव्हा क्वेरी सकाळी अकराच्या आत पाठवा.