लेकराचं पोट पुन्हा पुन्हा दुखतं तेव्हा

मायबापहो,

गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं लेकरू लॅबच्या बाकावर दिसलं की आम्ही आधी विचारतो, उताणं झोपवल्यावर दुखणं वाढतं का? बहुतेकदा तोवर घरी जंताची गोळी देऊन झालेली असते, बेंबी सरकली म्हणून पोटही चोळून झालेलं असतं. पण वरच्या पोटातलं दुखणं पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला, म्हणजे जठरामागच्या पाचक रस बनवणाऱ्या ग्रंथीला, सूज असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर चिठ्ठीवर लायपेज, अमायलेज या स्वादुपिंडातल्या पाचक रसांच्या रक्ततपासण्या लिहितात ते याचसाठी. तसं दुखणं, रक्तात यांचं प्रमाण कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट आणि सोनोग्राफी किंवा स्कॅनमध्ये सूज, या तीनपैकी दोन जुळलं की निदान होतं. अमायलेज लवकर उतरतं, लायपेज जास्त दिवस टिकतं. म्हणून दुखणं कोणत्या दिवशी सुरू झालं ते रक्त देताना नक्की सांगा.

आरमोरी-ब्रह्मपुरीकडच्या आपल्या भागात सिकलसेलची लेकरं बरीच आहेत. पोट दुखलं की 'क्रायसिस असेल', म्हणजे सिकलसेलचंच नेहमीचं दुखणं असेल, म्हणून घरचे थांबतात. या आजारात लाल पेशी सतत फुटतात, त्यातून पित्ताचे खडे होतात, आणि खडा नळीत अडकला की स्वादुपिंड सुजतं. सिकलसेलचा रिपोर्ट सोबत ठेवाच. सायकलचं हँडल पोटात लागलं असेल, गालगुंड झाले असतील, फिटचं औषध सुरू असेल, तेही सांगा.

गाठीचं वेगळं असतं. आंघोळ घालताना मायच्या हाताला कुशीत टणक काही लागतं, पण लेकरू खेळत असतं, दुखत काहीच नाही. किडनीची विल्म्स गाठ अशीच सापडते, बहुधा पाच वर्षांच्या आत. ती चोळू नका, पुन्हा पुन्हा दाबूनही पाहू नका, सोनोग्राफी करा. वयात आलेल्या मुलींमध्ये स्वादुपिंडाची एक दुर्मीळ गाठ होते, तिच्यात रक्ताच्या तपासण्या बहुतेक नॉर्मल येतात. आमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तेवढ्यावर थांबू नका. ही गाठ पूर्ण काढली तर बहुतेक मुली बऱ्या होतात.

पहाटे उपाशीपोटी फिट येत असेल तर त्याच वेळी बोटातून शुगर तपासून घ्या. शुगर उतरवणारं इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडातली बारीक गाठ अशीच लपलेली असते.

बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी गाठीतून काढलेला, तुकडा फॉर्मलिनमध्येच आणा; तुकडा टिकवणारं ते औषधी पाणी असतं. एकदा आमच्याकडे तो सलाईनच्या बाटलीत, दोन दिवसांनी आला. तुकडा खराब झाला होता, त्या लेकराला पुन्हा सुई सोसावी लागली. ते आजही आठवतं. फॉर्मलिनची डबी आमच्याकडून आधीच न्या, तिचे पैसे लागत नाहीत.

तपासणी झाल्यावर मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) आणि काचा (त्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) मागून घ्या. सेवाग्राम, नागपूर किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात पुढचे डॉक्टर तेच पुन्हा पाहतात. ब्लॉक उन्हात, एसटीच्या खिडकीशी ठेवू नका, मेण वितळतं.