चकाकत्या पत्र्याआडची कुजलेली कड

अमेरिकेत एखाद्या गोदामामागे वर्षानुवर्षे पडून असलेला अ‍ॅल्युमिनियमचा जुना प्रवासी ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, पाहायला गेलेला जाणकार आधी त्याच्या चकाकीकडे पाहत नाही. तो दारातून आत शिरून थेट मागच्या भिंतीपाशी जातो, गुडघ्यांवर बसतो आणि जमीन व भिंत जिथे मिळतात त्या कडेला टोच्याने टोचून पाहतो. टोचा अडला, तर पुढची बोलणी करता येतात. चिखलात काठी रुतावी तसा तो आत गेला, तर वरचा पत्रा कितीही सुरेख दिसत असला तरी पुढची काही वर्षे कशी जाणार आहेत, हे तिथेच कळून चुकते. घरच्या घरी अशा ट्रेलरचे पुनरुज्जीवन करणारे बहुतेक जण पत्र्याला चमकवण्याच्या उत्साहात कामाला हात घालतात. प्रत्यक्षात चकाकी हा या कामाचा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. खरी गुंतागुंत आहे ती त्या कडेला, जिथे अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, लाकूड आणि पाणी एकत्र येतात.

ही रचना समजून घ्यायची तर विमानाकडे पाहावे लागते. चार्ल्स लिंडबर्ग यांनी 1927 मध्ये ज्या विमानातून अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस हे ग्लायडरचेही रचनाकार होते. त्यांनी 1934 मध्ये ‘रोड चीफ’ नावाचा, विमानाच्या धडासारखा, रिव्हेट (टोक चेपून पक्की केलेली धातूची खीळ) मारलेल्या पत्र्याचा ट्रेलर बनवला. त्याचे दार पुढच्या बाजूला, गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या वर होते. म्हणजे घरात शिरायचे तर आधी दांडा ओलांडायचा. बोलस यांचा व्यवसाय टिकला नाही. दुसरे ट्रेलर-निर्माते वॉली बायम यांनी ती रचना उचलून दार बाजूच्या भिंतीत नेले आणि 1936 मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर ओक्लाहोमातील टल्सा येथील स्पार्टन या विमान कंपनीनेही आपले कसब ट्रेलरकडे वळवले. या सर्वांमधले साम्य असे की पत्रा हे केवळ आवरण नसते. अंड्याचे कवच जसे स्वतःच भार पेलते, तसा येथे बरगड्यांवर रिव्हेटने ताणून बसवलेला, जेमतेम 0.8 मि.मी. जाडीचा पत्रा भाराचा वाटा उचलतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश असल्यामुळे हे कवच आश्चर्यकारक हलके होते.

मात्र हे विमान चाकांवर उभे करण्यासाठी खाली पोलादी सांगाडा घ्यावा लागला. सांगाड्यावर प्लायवुडची जमीन, तिच्या कडेवरून फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ आणि त्या पन्हळीत उभ्या राहिलेल्या भिंतीच्या बरगड्या, असा हा थर असतो. पन्हळ, प्लायवुड आणि सांगाड्याचे बाहेर आलेले पोलादी बाहू यांना एकच बोल्ट आरपार बांधतो. म्हणजे कवच आणि सांगाडा यांच्यातील सारी घट्ट पकड प्लायवुडच्या त्या चिंचोळ्या कडेवर अवलंबून असते. लाकूड कुजून दबले की बोल्ट ढिला पडतो, मागचे टोक रस्त्यावरील प्रत्येक धक्क्यासरशी वरखाली होऊ लागते आणि कवच सांगाड्यापासून सुटत जाते. मागच्या बंपरवर उभे राहून थोडे हिंदकळले असता बंपर खाली जातो आणि भिंत जागीच राहते, असे दिसले तर निदान पक्के समजावे.

प्लायवुड कडेनेच का कुजते, याचे उत्तर लाकडाच्या नलिकांमध्ये आहे. कापलेल्या कडेवर तंतूंची तोंडे उघडी असतात आणि केशाकर्षणाने ती पाणी आत खेचून घेतात. लाकडातील ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. तो 30 टक्क्यांच्या आसपास पोहोचला की तिला मोकळे रान मिळते. म्हणूनच नवी जमीन बसवताना पृष्ठभागापेक्षाही कडा आणि बोल्टांची छिद्रे इपॉक्सी राळेने भरून बंद करणे अधिक महत्त्वाचे ठरते.

त्याच कडेवर दुसरी झीज चालू असते ती विद्युत-रासायनिक. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि दोघांवरही क्षारयुक्त पाण्याची ओल असेल, तर ती एक छोटी बॅटरीच होते. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते इलेक्ट्रॉन सोडते आणि झिजते. त्याच्या जागी पांढरी, फुगलेली भुकटी उरते. स्वच्छ पावसाच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे ही क्रिया मंद असते. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाणी सांगाड्याच्या पोटाखालील पत्र्यात साचले की तिचा वेग वाढतो. येथे क्षेत्रफळाचा एक नियम ध्यानात ठेवावा लागतो: झिजणारा धातू लहान आणि दुसरा मोठा असेल, तर झीज एकवटते. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेस स्टीलचा छोटा स्क्रू बराच काळ निभावून जातो. पोलादाच्या मोठ्या पट्टीत बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा रिव्हेट लवकर खलास होतो. पोलाद घासून, रंगवून, दोन्ही धातूंच्या मध्ये ब्यूटिल रबराची पट्टी घातली की ही बॅटरी तुटते. काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात टिकाऊ फळ देणारे तेच आहे.

मग पाणी आत येते कुठून? छतावरील झरोके, दिवे, खिडक्या आणि पत्र्याचे सांधे हे त्याचे मार्ग, आणि ते मार्ग तापमान उघडते. 6 मीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियम 40 अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे 5.5 मि.मी. वाढते, तेवढेच पोलाद 3 मि.मी.हून थोडे कमी वाढते. त्यातही कवच उन्हात आणि सांगाडा सावलीत असल्याने फरक आणखी रुंदावतो. रोज दिवसा ताणले जाणारे आणि रात्री आकसणारे हे सांधे भरण्यासाठी लवचीक पॉलियुरेथेन किंवा ब्यूटिल हवे. सिलिकॉनचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ते निघाल्यावरही पत्र्यावर असा सूक्ष्म थर सोडते की पुढे त्यावर रंग किंवा दुसरे कोणतेही सीलंट धड चिकटत नाही.

गळती शोधण्याची युक्ती मोठी रंजक आहे. खिडक्या-दारे बंद करून झरोक्यातून पंख्याने हवा आत ढकलायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतील, तिथून पाणी आत येते. याच्या नेमके उलट तत्त्व 1969 मध्ये वापरले गेले होते. अपोलो 11 चे अंतराळवीर चंद्रावरून परतल्यावर ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात त्यांना ठेवले, तो एअरस्ट्रीम ट्रेलरवरूनच तयार केलेला होता आणि त्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखला जाई, जेणेकरून फट असली तरी हवा आतच येईल आणि संभाव्य जंतू बाहेर पडणार नाहीत.

दुरुस्तीसाठी आतला पत्रा उतरवावाच लागतो आणि त्यामागे दडलेल्या काचतंतूंच्या जुन्या उष्णतारोधक आवरणात बहुधा उंदरांनी घर केलेले आढळते. त्यांचे मूत्र पत्र्याला आतून छिद्रे पाडते, हे झाले ट्रेलरचे नुकसान. माणसाला असलेला धोका त्याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात 1993 मध्ये हंटा विषाणूचा जो घातक प्रकार ओळखला गेला, तो तेथील हरणउंदरांच्या विष्ठेतून आणि मूत्रातून पसरतो. त्यामुळे असा कचरा झाडूने झाडू नये किंवा व्हॅक्यूमने ओढू नये. ब्लीचच्या द्रावणाने पूर्ण भिजवून, हातमोजे घालून तो उचलावा.

सगळी जमीन बदलायची असेल तर कवच सांगाड्यावरून उचलून बाजूला ठेवतात. आतला पत्रा काढलेले कवच ढिले पडते, म्हणून उचलण्यापूर्वी त्याला आतून लाकडी आडव्या-तिरप्या पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. हा आधार विसरला तर परत ठेवताना भिंती आपल्या जागी जुळत नाहीत.

आता रिव्हेटकडे वळू, कारण या सगळ्या कामाचा आत्मा मला तिथे दिसतो. जर्मनीत आल्फ्रेड विल्म हे 1906 च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे 4 टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ते पोलादासारखे तापवून पाण्यात विझवत होते. विझवल्याबरोबर ते कठीण होईल, ही अपेक्षा फोल ठरली. पण काही दिवस तसेच पडून राहिलेला नमुना पुन्हा तपासला, तेव्हा तो आपोआप कठीण झालेला निघाला. यातूनच ड्युरॅल्युमिन जन्मले. असे का होते, हे 1938 मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले: विझवलेल्या धातूत अडकून पडलेले तांब्याचे अणू सावकाश एकत्र येऊन अतिसूक्ष्म चकत्या बनवतात आणि स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या वाटेत त्या अडथळा होतात. विमानउद्योगात या मिश्रधातूचे काही रिव्हेट तापवून विझवल्यावर बर्फासारख्या थंडीत ठेवतात, कारण थंडीत अणूंची हालचाल मंदावते. बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ते ठोकले नाहीत, तर ते कठीण होऊन पुढे ठोकताना तडकतात. ट्रेलरच्या कामात सहसा कमी तांब्याचे रिव्हेट वापरतात, जे केव्हाही ठोकता येतात.

भरीव रिव्हेट बसवायला दोन माणसे लागतात. बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने डोक्यावर ठोके देतो आणि आतला माणूस मागच्या टोकावर पोलादाचा जड ठोकळा धरतो. ठोकळ्याच्या जडत्वामुळे दांडीचे टोक चेपून पसरते आणि त्याच वेळी दांडी फुगून छिद्र गच्च भरते. मागे उरणारी दांडी व्यासाच्या दीडपट असावी, असा नियम आहे. म्हणजे 4 मि.मी. व्यासाच्या रिव्हेटने 0.8 मि.मी.चे दोन पत्रे जोडताना त्याची लांबी 7.6 मि.मी.च्या आसपास लागते आणि चेपलेले डोके 6 मि.मी. रुंद व 2 मि.मी. उंच उतरते. एकट्याने, एका बाजूने बसवता येणारे पोकळ पॉप रिव्हेट सोयीचे असतात, पण ते छिद्र तेवढे गच्च भरत नाहीत आणि त्यांच्या मधल्या पोकळीतून पाणी झिरपू शकते. भरीव रिव्हेट मारणाऱ्या दोघांचा ताल जमायला वेळ लागतो. पहिले पन्नासेक रिव्हेट भंगार पत्र्यावर मारून मगच ट्रेलरला हात लावलेला बरा.

एक्सलबद्दल थोडक्यात सांगता येईल. 1960 च्या दशकापासून अनेक ट्रेलरमध्ये स्प्रिंगऐवजी चौकोनी नळीत दाबून बसवलेल्या रबरी दांड्या धक्के झेलतात. दशकानुदशके एकाच भाराखाली राहून रबर कायमचे बसते आणि लवचीकता गमावते. त्यावर दुरुस्ती नाही. सबंध एक्सल बदलावा लागतो. नाही बदलला, तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट आपण नुकत्याच मारलेल्या रिव्हेटना बसतो.

सरतेशेवटी चकाकी. त्या काळातील कित्येक ट्रेलरवर अल्क्लॅड पत्रा वापरलेला असे, जो 1927 मध्ये अमेरिकेत पुढे आला. तांब्यामुळे मजबूत झालेला मिश्रधातू लवकर गंजतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर लाटून चिकटवलेला असतो. कडेला नुकसान करणारी तीच बॅटरी येथे उपकारक ठरते: ओरखडा पडला तरी शुद्ध थर स्वतः झिजून आतल्या धातूला वाचवतो. 0.8 मि.मी. पत्र्यावर हा थर प्रत्येक बाजूला जेमतेम 5 टक्के, म्हणजे सुमारे 40 मायक्रॉन असतो. सँडपेपर किंवा आक्रमक बफिंगने तो एकदा पार केला की परत आणता येत नाही. स्टील वूलही वापरू नये, कारण त्याचे कण पत्र्यात रुतून तिथे खड्डे पाडतात. कॉस्टिक सोड्याची स्वच्छता-द्रव्ये तर अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक ऑक्साइड थर विरघळवून धातूलाच खातात.

जुन्या पारदर्शक वार्निशाखाली किड्याने पोखरल्यासारख्या नागमोडी रेषा दिसल्या, तर ते तंतुक्षरण होय. पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून क्षाराच्या साहाय्याने ते वार्निशाखालून पुढे सरकते. असे वार्निश पूर्ण उतरवावे लागते. त्यानंतर पुन्हा पारदर्शक थर द्यायचा की पत्रा उघडाच ठेवून वरचेवर घासायचा, यावर हौशी मंडळींत न संपणारा वाद आहे. त्यात एक मुद्दा क्वचितच निघतो. आरशासारखे अ‍ॅल्युमिनियम उन्हाचा बहुतांश भाग परतवते खरे, पण जो थोडा शोषला जातो तो ते उष्णतेच्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकू शकत नाही. या बाबतीत त्याची क्षमता आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या 5 टक्क्यांच्या आसपास असते, तर साध्या पांढऱ्या रंगाची 90 टक्के. त्यामुळे भर उन्हात चकाकणारे छत पांढऱ्या छतापेक्षा जास्त तापते आणि बरगड्यांमधून ती उष्णता सरळ आत उतरते. पारदर्शक वार्निशाचा थर पुरेसा जाड असेल, तर अवरक्त किरण बाहेर टाकण्याचे काम बरेचसे तोच करतो आणि चकाकीही राहते. छत जमिनीवरून दिसत नसल्यामुळे काही जण भिंती घासून आरसा करतात आणि छत मात्र पांढरे रंगवतात.