कापूस, गोदी आणि डबा: मुंबईतल्या मालवाहतुकीची पार्श्वभूमी

हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथं आज कापसाचं बोंडही दिसत नाही, पण मुंबई बंदर मोठं झालं ते कापसावरच.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून यायचा. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, तरी पावसाळ्यात सगळं ठप्प. पोचेपर्यंत कापसात एवढी माती मिसळलेली, की मँचेस्टरचे गिरणीवाले कुरकुरायचे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ची, हे आपण शाळेत घोकलं; मालाच्या हिशेबानं मात्र खरं वर्ष १८६३, बोरघाटात रूळ चढले ते. चढ ३७ फुटांना एक फूट. पुण्याकडे जाताना कर्जतला गाडीच्या मागं बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लागतं, हलका धक्का बसतो, आणि तेवढ्यात खिडकीतून वडा घ्यायचा असतो. तो थांबा या चढामुळेच.

तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता. धड गोदी मात्र नव्हती. १८७३ला बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट, १८८०ला प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. पुढच्याच वर्षी ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावू लागली. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’चा स्फोट झाला, त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठीही होत्या. असा माल एकत्र भरणाऱ्यांना काय म्हणावं!

या सगळ्यात ओझं वाहिलं ते घाटावरून, विशेषतः साताऱ्याकडून आलेल्या माणसांनी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडींचा, म्हणजे डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा कायदा झाला.

पण तोवर जगात कंटेनर आला होता. क्रेन वीस-चाळीस फुटी लोखंडी डबा थेट ट्रेलरवर ठेवते, मध्ये माथाडीचं डोकं लागत नाही. मुंबई बेटावर हे डबे रचायला जागा कुठली? म्हणून खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर, १९८९. तिथले बहुतेक डबे आजही रस्त्यानंच जातात. दादरीहून न्हावाशेव्यापर्यंत मालगाड्यांचा वेगळा मार्ग आखला तो यासाठीच.

मशीद बंदरचा कांदा-बटाटाही वाशीला गेला, आणि माथाडी त्याच्यामागं. पहाटे गोणी उचलायचा आकडा खांद्याला अडकवून हा माथाडी अजून ट्रकचा फाळका पडायची वाट बघत असतो.