जेट लॅगवर उन्हाचा उपाय आला कुठून?

लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला राहून आलेले नाशिककर परतले की शेजारीपाजारी हमखास सांगतात: पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारा, कोवळं ऊन घ्या, लांबच्या विमानप्रवासाने बिघडलेली झोप, म्हणजेच जेट लॅग, ताळ्यावर येईल. सल्ला आपुलकीचा आहे. पण लंडनहून आल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो नेमका उलटा पडतो.

१७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेरां यांनी लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, तरी पानं ठरलेल्या वेळी उघडत-मिटत राहिली. म्हणजे वेळ पाळणारं घड्याळ रोपाच्या आतच होतं. मग १९६० मध्ये पॅट्रिशिया डीकोर्सी यांनी उडत्या खारींवर दाखवून दिलं की एकच उजेड रात्रीच्या सुरुवातीला दिला तर आतलं घड्याळ मागे पडतं आणि रात्र सरताना दिला तर पुढे सरकतं. जेट लॅगच्या उपचाराचा सगळा पाया हा आहे.

माणसाला मात्र हे लागू होईल असं बराच काळ कुणाला वाटेना. जर्मनीत आंडेक्सच्या भूमिगत खोल्यांत युर्गेन आशॉफ यांनी माणसांना घड्याळाविना ठेवलं आणि प्रयोगांवरून समज असा झाला की आपल्याला उजेडापेक्षा माणसांची सोबतच वेळेवर ठेवते. घरातला दिवा उन्हापुढे किती क्षीण असतो, हे तेव्हा पुरेसं लक्षात आलं नव्हतं. १९८० मध्ये संशोधक आल्फ्रेड ल्युई यांनी माणसांना रात्री २,५०० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर प्रकाश दिला, तेव्हा मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, झपाट्याने उतरलं. ५०० लक्सने तसं झालं नव्हतं. माझ्या मते या विषयातलं खरं वळण हेच. चारच वर्षांनी ल्युई आणि सेर्ज दान यांनी प्रवाशांसाठी उन्हाच्या वेळा सुचवल्या.

त्या वेळांचा हिशेब समजून घ्यायलाच हवा. सवयीच्या जागं होण्याआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्याआधीचा उजेड घड्याळ मागे नेतो, नंतरचा पुढे. उन्हाळ्यात लंडनचे पहाटेचे चार-पाच म्हणजे नाशिकचे साडेआठ-साडेनऊ. आपल्याला घड्याळ पुढे न्यायचं असतं, आणि सहाची फेरी ते मागे ओढते. म्हणून पहिल्या दिवशी दहापर्यंत घरात पडदे ओढून राहावं, बाहेर जावंच लागलं तर गडद गॉगल लावावा, आणि दहानंतर मोकळ्या उजेडात भरपूर वावरावं. मग ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणावी.