बहात्तर ऐकून सत्तावीस

मराठी शाळेतल्या लहान वर्गात ‘बहात्तर’ लिहायला सांगितलं, की एखादं मूल २७ लिहितं. त्याने ऐकलेलं बरोबर असतं. मराठीत एकक आधी कानावर येतो, दशक मागून. लिहायचं मात्र उलट. कन्नडमध्ये हा पेच नाही. ‘एप्पत्तेरडु’ म्हणजे आधी सत्तर, मग दोन. जर्मनमध्ये मराठीसारखाच उलटा क्रम आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी संख्या लिहिताना केलेल्या चुका संशोधकांनी तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या चुकांचं मूळ या क्रमातच निघालं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं मूल घरी मराठीत मोजतं, शाळेत कन्नडही शिकतं आणि बाजारात दोन्ही ऐकतं. या मुलाच्या हाती टॅब दिला आणि त्याने २७ लिहिलं, तर सॉफ्टवेअर काय समजेल?

प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरची सगळी भिस्त निदानावर असते. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कौशल्यासाठी चार शक्यता धरतात: ते आधीच येत असण्याची, सरावाने येण्याची, येत नसताना अंदाजाने उत्तर जुळण्याची आणि येत असूनही चुकण्याची. दर उत्तरानंतर ‘याला हे येतं’ हा अंदाज वर-खाली होतो आणि त्यानुसार पुढचा प्रश्न ठरवता येतो. पण मूळ पद्धतीला कळतं ते एवढंच, की उत्तर चुकलं की बरोबर आलं. स्थानिक किंमत कळली नाही, संख्येचं नाव अडलं, की प्रश्नाची भाषाच डोक्यावरून गेली, हा फरक तिला आपणहून दिसत नाही. मग भाषेत अडखळलेलं मूल गणितात मागच्या इयत्तेला बसवलं जातं. सीमाभागासाठी मला हा धोका नेटवर्क नसण्यापेक्षाही मोठा वाटतो.

निदान नेमकं असेल, तर फायदा खरा आहे. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन यांनी शाळेबाहेरच्या केंद्रांमध्ये अशा सॉफ्टवेअरची चाचणी घेतली. अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. साडेचार महिन्यांत केंद्रात प्रवेश मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा ०.३७ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं माप) वाढले, हिंदीचे ०.२३ने. रोजच्या दीड तासातला अर्धाच वेळ संगणकासमोर जायचा, उरलेला शिक्षकासोबत छोट्या गटात. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ही प्रगती ठळक दिसली नाही. मूल तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर आलं, तरी प्रश्नपत्रिका सहावीचीच असते! शिक्षणसुधारणा अडते ती इथे. यंत्र मुलाच्या पातळीवर उतरतं. अभ्यासक्रम आणि परीक्षा उतरत नाहीत.

कर्नाटकाने हा प्रश्न संगणकाविना हाताळून पाहिला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. १९९५च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या कामातून स्फूर्ती घेऊन, ‘नली-कली’ (आनंदाने शिका) ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत, समोर कार्डांची शिडी. ज्याचं जे कार्ड झालं, तो पुढच्यावर. कोणता गट शिक्षकाजवळ बसणार, कोण सोबत्याच्या मदतीने करणार आणि कोण एकटं, हे त्या दिवसाच्या कार्डावरून ठरतं. मूल आठवडाभर गैरहजर राहिलं, तरी जिथे थांबलं तिथूनच उचलतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातल्या कमी पटाच्या शाळेसाठी मला तरी ही मांडणी अगदी जवळची वाटते.

मराठीत डिजिटल साहित्य आहे, पण त्यातलं बरंचसं महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाला धरून. इथली मराठी माध्यमाची मुलं कर्नाटकाचा अभ्यासक्रम शिकतात, तेव्हा धड्यांचा क्रम जुळेलच असं नाही. एवढ्या मुलांसाठी वेगळं सॉफ्टवेअर करायला बाजार पुढे येणार नाही. दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनीच ते करायला हवं. सुरुवात छोटी चालेल. उत्तर चुकलं, की मुलाला खालच्या पायरीवर ढकलण्याआधी तोच प्रश्न नुसत्या अंकांत दाखवावा, मग मराठीत ऐकवावा, मग कन्नडमध्ये. तिन्ही उत्तरं वेगवेगळी नोंदवून शिक्षकाला दाखवावीत. अंकांत बरोबर आणि ऐकून चूक असं दिसलं, तर त्या मुलाला वजाबाकीचा आणखी सराव नको, संख्यानामांचा हवा.