'आयकाओ'चं लायसन्स जगभर चालतं?

कोथरूडला आमच्या सोसायटीत एकाचा मुलगा अमेरिकेतून कमर्शियल पायलट होऊन आला. पेढे वाटून झाले, आणि लगेच प्रश्न: "मग लोहगावहून विमान कधी उडवणार?" लायसन्स 'आयकाओ'चं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) आहे, म्हणजे जगात कुठंही चालतं, ही समजूत पुण्यात वर्षानुवर्षं फिरते आहे.

मुळात आयकाओ लायसन्स देतच नाही. ती फक्त किमान निकष ठरवते. लायसन्स देतो तो देश. 1944 च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणात विमान ज्या देशात नोंदलेलं, त्याच देशाचं लायसन्स हवं, किंवा त्या देशाने मान्य केलेलं. अमेरिकी विमानाच्या शेपटाकडे 'एन' अक्षर दिसतं, आपल्याकडच्यांवर 'व्हीटी'. सगळी मेख नोंदणीच्या देशाच्या त्या अक्षरांत आहे. अमेरिकी लायसन्सवर 'एन'वालं विमान घेऊन परदेशात उतरता येतं, पण 'व्हीटी'वाल्याला डीजीसीएचा, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामक यंत्रणेचा, कागद लागतो.

दुसरं टोकही तितकंच खोटं: "सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं." छे! लॉगबुकातले तास वाया जात नाहीत. डीजीसीए आधी परदेशी लायसन्स खरं आहे का, हे तिथल्या यंत्रणेकडून पडताळून घेते. मग इथली वर्ग 1 वैद्यकीय तपासणी, हवाई नियमांचा पेपर (70 टक्के हवेत, आणि भले भले इथंच गचकतात), नेव्हिगेशन-हवामानाचा पेपर, रेडिओचा परवाना. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर ते आधी निस्तरा.

त्या मुलाच्या टेबलावर सध्या नियमांचं जाडजूड पुस्तक उघडं आहे. पेढ्यांचा रिकामा खोका त्यावर वजन म्हणून ठेवलाय.