गंजामुळे पासिंग अडलं? जुन्या गाडीच्या मालकांसाठी माहिती

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचं फिटनेस पहिली ८ वर्षं दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या गाड्यांचं इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं, पण पत्रा सडलेला असतो आणि तिथेच पासिंग अडतं. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि चाकाच्या कमानीत थापून बसणारी तांबडी माती हे तिन्ही एकत्र आले की गंज आतून धरतो. बाहेरचा रंग फुगून तुम्हाला दिसेपर्यंत आतला थर गेलेला असतो.

पासिंगच्या आधी खालून काळं मारू नका

गंजलेल्या गाड्यांचं वेल्डिंग करणारं गॅरेज म्हणून ही आमची कळकळीची विनंती आहे. भोकात फायबर किंवा पुट्टी भरून वरून डांबरी कोटिंग मारलं की गाडी नवी दिसते. पण पुट्टी वजन पेलत नाही. शिवाय ओल्या, गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग बसलं की ओल आत कोंडते आणि गंज आणखी जोरात पसरतो. तपासणाऱ्याने हातोडीची मूठ ठोकली तर धातूचा खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज येतो. चुंबक लावलं तर चिकटत नाही. आधी आम्हाला उघडा पत्रा दाखवा, कोटिंगचं नंतर बघू.

सगळाच गंज सारखा नाही

दाराच्या खालच्या कडेला किंवा मडगार्डला पडलेलं भोक दिसायला वाईट, पण त्याने गाडी रस्त्यावर धोक्याची होतेच असं नाही. धारदार कड मात्र राहू देऊ नका. खरी काळजी वजन आणि ताण घेणाऱ्या जागांची करायची: पुढच्या शॉकअपचा टॉवर, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि क्रॉस मेंबर (खालची आडवी तुळई) जिथे बोल्ट होतात तो पत्रा, मागच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्सची बैठक आणि सीट बेल्टचा ७/१६ इंची बोल्ट जिथे बसतो ती जागा. ब्रिटनच्या एमओटी तपासणीत अशा प्रत्येक जागेभोवती ३० सेंटिमीटरच्या आत सडलेला पत्रा चालत नाही. आम्ही इथेही तेच माप धरून टेप लावतो. ते धरून काम केलं की पुढची काही वर्षं निर्धास्त जातात.

दाराखालचा रनिंग बोर्ड ही कोकणातली सर्वांत मोठी दुखरी जागा. तो बाहेरचा पत्रा, मधली पट्टी आणि आतला पत्रा मिळून बनलेली बंद पेटी असतो. खालची पाणी जायची भोकं मातीने बुजली की पेटीत पाणी साठून राहतं. घरी एक चाचणी करता येते. सपाट जागेवर हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, गाडी जॅक पॉइंटवर थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. एरवी अलगद लागणारं दार लॉकपाशी अडकायला लागलं, तर बॉडी वाकते आहे. जॅक नुसता पत्र्यात रुतला, तरी तोच निष्कर्ष. गाडी जॅकवर असताना खाली कोणीही जायचं नाही.

दुसरी जागा चालकाच्या पायाखालची. आंब्याखाली उभ्या गाडीत पानं आणि मोहोर काचेखालच्या जाळीत साठतात, पाण्याचा रस्ता बंद होतो आणि पाणी थेट मॅटखाली उतरतं. मॅट वरून कोरडी दिसते. खालचा फेल्ट (जाड कापडी थर) दाबून पाहा, पाणी निघेल. मासळीच्या पाट्या नेणाऱ्या व्हॅनमध्ये बर्फाचं खारं पाणी फरशीच्या सांध्यात जातं. तिथे रबर शीट उचलून रोज गोड्या पाण्याने धुणं, एवढा एकच उपाय आहे.

ब्रेकचे पाइप

पत्र्यापेक्षा आम्ही याला जास्त घाबरतो. पोलादी पाइप साधारण ४.७५ मिलिमीटर जाड, आणि गंज धरतो तो नेमका क्लिपच्या मागे आणि पेट्रोल टाकीच्या वर, जिथे नजर जात नाही. कापडाने पुसून हलकं खरवडल्यावर खड्डे दिसले, तर पाइप बदलायचाच. मधला तुकडा कापून रबरी नळी आणि क्लॅम्प लावून जोडलेले पाइप आमच्याकडे येतात. जोरात ब्रेक दाबला की असा सांधा निसटू शकतो. आम्ही तांबे-निकेलचा पाइप डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी दुमडून), जुन्या जागीच, नव्या क्लिपमध्ये बसवतो. नुसत्या तांब्याचा वापरत नाही. तो हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. काम झाल्यावर नवं ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली जाते.

वेल्डिंग कसं होतं

दिसणारं भोक रुपयाएवढं असलं तरी कापायचा पत्रा तळहाताएवढा निघतो. ठोकत ठोकत चकचकीत, पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत मागे जावं लागतं. म्हणून फोटो पाहून आम्ही खर्च सांगत नाही. ठोकून झाल्यावर, तुमच्यासमोर खडूने खुणा करून सांगतो.

आधी बॅटरी सुटी होते, सीट, कार्पेट आणि डांबरी पॅड निघतात, जवळ काम असेल तर पेट्रोल टाकी उतरवली जाते. रनिंग बोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधार लावतो, नाहीतर चौकट बसते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. फरशीला साधारण ०.९ मिलिमीटरचा, ताणाच्या जागी १.२ मिलिमीटरचा पत्रा. सीओटू मशीनने, ०.८ मिलिमीटर तारेने, दोन-अडीच सेंटिमीटरचे टाके आलटून पालटून मारत शेवटी सलग शिवण पूर्ण करतो. पट्टी नुसती चार टाक्यांवर किंवा रिव्हेटवर सोडत नाही. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून ते ताणाच्या जागी नाही. वर इपॉक्सी प्रायमर, सांधे बुजवणारा सीम सीलर, मग रंग. बंद पेटीत शेवटी वॅक्सचा फवारा. उघड्या पत्र्यावर एकटा रेड ऑक्साइड पुरत नाही, तो ओल धरतो.

चेसिस नंबरला हात लावू नका

तपासणीत चेसिस नंबर वाचता यायला हवा. तो गंजाने अस्पष्ट झाला असेल तर रॉकेलच्या कापडाने हलकं पुसा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश अजिबात नको. अंक गेले तर पुन्हा ठोकायला आरटीओची परवानगी लागते आणि स्वतः ठोकणं गुन्हा आहे. त्या पत्र्याचं वेल्डिंग आम्हीही परवानगीशिवाय करत नाही.

वेळेचं गणित

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. आम्हाला गाडी त्याच्याही महिनाभर आधी दाखवा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, मग ती टो करूनच आणावी लागते. गंजरोधक काम एप्रिल-मेमध्ये, गाडी वाळलेली असताना करून घ्या. पावसाळ्यानंतर खालचा भाग धुवा, पण समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने नको.

दोन्ही शॉकअप टॉवर, मागचे ब्रॅकेट आणि फरशी हे सगळंच गेलं असेल, तर दुरुस्ती करू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला) घ्या. नवी गाडी घेताना ते कामी येतं.

येताना नापास झाल्याचा कागद, आरसी आणि विम्याची प्रत आणा. तपासणाऱ्याने नुसतं 'पत्रा खराब' लिहिलं असेल तर कुठली बाजू, कुठली जागा हे तिथेच विचारून कागदावर टिपून घ्या. गाडी धुऊन, डिकी रिकामी करून आणलीत तर आमची तपासणी त्याच दिवशी होते.